गल्ली बघा, देश नंतर

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात नोकरी लागलेल्या, किंवा लागेल या आशेवर असलेल्या पोरांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, एक प्रश्न हमखास येतो. जर्मनी बरी की कॅनडा? ऑस्ट्रेलिया बरा की दुबई? मी म्हणतो, देशाचं नाव पाहुण्यारावळ्यांत सांगायला चांगलं. राहायचं असतं एका गल्लीत. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीतला माणूस शिवाजी पेठेत राहायला गेला तर वर्षभर कुरकुरतो, आणि आपण सहा-सात हजार किलोमीटरवरचं शहर पगाराच्या आकड्यावरून ठरवून मोकळे होतो.

तेव्हा आज देश बाजूला ठेवू, शहराचं बोलू. शहर निवडायचं कुणासाठी? ज्याला नोकरी लागली त्याला ऑफिस आहे. तिथं हीटर आहे, कॉफी आहे, बोलायला चार माणसं आहेत. त्याचं कुठंही निभतं. प्रश्न असतो मागं घरात राहणाऱ्याचा. म्हणून शहर बघायचं ते दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाच्या नजरेनं. परत सांगतो, दिवसभर घरी कोण राहणार, त्याच्या नजरेनं. बहुतेक घरांत ती बायको असते. आता बायकोच्या नोकरीपाठोपाठ गेलेले नवरेही भेटतात, आणि त्यांचे हाल तर कुणी विचारतसुद्धा नाही, कारण सांगायला त्यांना लाज वाटते.

आमच्या गंगावेशेत एक आबा आहेत. शिरोलीच्या एका फौंड्रीत फोरमन म्हणून जन्म गेला. मुलगा इंजिनिअर, कास्टिंगचं डिझाइन करतो. कंपनीनं त्याला काही महिन्यांच्या कामावर जर्मनीला धाडलं, तिथंच त्याला दोन ठिकाणाहून कायमच्या नोकरीची पत्रं आली. एक म्युनिकचं, एक पूर्वेकडच्या लाइपझिगचं. म्युनिकचा पगार दणदणीत. पोरगं मे महिन्यात म्युनिक बघून आलेलं. इसार नदीचा काठ, हिरवळ, उन्हात पडलेली माणसं, रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड. फोटोंचा पाऊस. सगळी गल्ली म्हणाली, म्युनिक.

आबा फोटो बघत बसले. मग म्हणाले, "हे कवाचं हाय?"

"मे मधलं, आबा."

"लेका, प्लॉट बघायचा तर ऑगस्टात बघावा. मे महिन्यात कुठलाबी प्लॉट कोरडाच."

आता हे वाक्य कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, आणि 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेलेली आपण बघितली. 2021 ला परत तेच. उन्हाळ्यात बघून घेतलेल्या घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. आबांनी हुकूम सोडला, दुसरं शहर नोव्हेंबरात बघायचं, आणि तेही रविवारी. सुट्टीच्या दिवशी गावाचं खरं तोंड दिसतं म्हणाले.

पोरगं गेलं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, रविवार. लाइपझिगला दुपारचे साडेतीन, आपल्याकडं रात्रीचे आठ. आबांच्या घरी व्हिडिओ कॉल लागला. आबा, काकू, सूनबाई, तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात, आणि शेजारधर्म म्हणून मीही. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला.

आबांचा पहिला प्रश्न, "सगळी शटरं का पडल्यात? संप हाय व्हय?"

"आबा, हितं रविवारी दुकानं बंद असतात. कायदाच आहे."

"मग दूध?"

"शनिवारी आणून ठेवायचं."

गंगावेशेत राहणाऱ्या माणसाला दूध शनिवारी आणून रविवारी प्यायचं हे ऐकवेना. त्यांच्या घरापासून चार पावलांवर म्हैस दारात पिळून देतात. थोडा वेळ शांतता.

मग चार वाजून गेले आणि बघता बघता स्क्रीन काळी व्हायला लागली. काकू म्हणाल्या, मोबाइल बिघडला. मोबाइल ठीक होता. तिथं सूर्य मावळला होता. आपल्याकडं नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, तिथं चारला. काकूंनी तोंडाला पदर लावला. "तिन्हीसांजेला चारलाच दिवा लावायचा?"

पोरगं चालत राहिलं. प्लागविट्झ नावाचा भाग आहे तिथं. एकेकाळचा कारखान्यांचा, कापडगिरणी, नांगर बनवणारा मोठा कारखाना. आता विटांच्या त्या इमारतींत लोक राहतात, चित्रकार काम करतात. जुनी धुराडी बघून आबा एकदम सरसावून बसले. "थांब, थांब. ती चिमणी परत दाव." दहा मिनिटं नुसती चिमणीची उंची आणि विटांचा बांध यावर गेली. सूनबाई घड्याळ बघत होती.

कालव्याच्या काठाला बाकावर एक म्हातारा बसलेला, कानटोपी घालून, एवढ्या थंडीत. आबा म्हणाले, "त्याला इचार, गाव कसं हाय." पोरगं लाजलं. "आबा, असं कुणी अनोळखी माणसाला..." "इचार की! तुला काय खातोय व्हय?"

मग त्यानं विचारलं, त्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. आणि म्हातारा जो सुटला! हातवारे, मधेच खोकला, मधेच कालव्याकडं बोट, मधेच आभाळाकडं. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण आबा माना डोलवत होते. शेवटी म्हाताऱ्यानं पोराच्या खांद्यावर थाप मारली आणि उठून गेला.

"काय म्हणाला?"

पोरगं हसायला लागलं. "म्हणाला, येड्या, हितं कशाला आलास? आमची पोरं पगारासाठी म्युनिकच्या बाजूला पळाली, आणि तू उलटा हिकडं आलास."

आबांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! आपल्या गावाला अशा शिव्या घालणारा म्हातारा कट्ट्यावर बसतोय, म्हणजे गाव माणसांचं हाय."

त्या म्हाताऱ्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. 1990 ला दोन जर्मनी एक झाल्या, पूर्वेकडचे कारखाने बंद पडले आणि तरुण पोरं पश्चिमेला गेली. लाइपझिग त्यातून सावरलं, पण त्या वयाच्या माणसांच्या मनातून ते गेलेलं नाही.

पण श्रोतेहो, ठरलं नव्हतंच. कारण तेवढ्यात सूनबाई बोलली. इतका वेळ ती गप्प होती. तिनं पोरीच्या चित्रांच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवले होते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात पेशंट बघायची. ती म्हणाली, "आबा, चिमणी झाली असेल तर मी विचारू?"

पहिला प्रश्न पाळणाघराचा. दुसरा, जर्मन शिकायचा वर्ग घरापासून ट्रामनं किती वेळ, आणि तो सकाळी असतो की संध्याकाळी. तिसरा, माझी डिग्री तिथं कोण मान्य करणार, ते ऑफिस कुठं. चौथा, दवाखान्यात पेशंटशी बोलायचं म्हणजे बी-टू पातळीची, म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार भाषा लागणार, तर तोवर माझा दिवस कसा जाणार?

पोराकडं एकाचंही उत्तर नव्हतं. पगाराचा तक्ता होता, कर वजा करून हातात किती येतात त्याचा होता. हे नव्हतं. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की फोनच्या त्या टोकाला पोरगं टोपी नीट करायला लागलं. मग त्याला परत कामाला लावला, दोन्ही शहरांची उत्तरं आण म्हणून.

उत्तरं आली आणि चित्र पालटलं. जर्मनीत वय वर्षं एकपासून पाळणाघराच्या जागेवर मुलाचा कायद्यानं हक्क आहे, 2013 पासून. पण हक्क असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. पूर्वेकडं पाळणाघरांची पद्धत जुनी, तिथं जागा मिळणं सोपं. म्युनिकमध्ये रांग. म्युनिकचं घरभाडं अख्ख्या जर्मनीत चढं, त्यात जादा पगार बराचसा विरघळत होता, आणि परवडेल असं घर शहराबाहेर, म्हणजे वर्गाला जायचं तर तासभर गाडी. लाइपझिगला पाळणाघर चालत जाण्याच्या अंतरावर, वर्ग ट्रामनं. शहर ठरलं ते तिथं. चिमणीवर नाही, म्हाताऱ्यावर तर नाहीच. आबांना हे आजही पटत नाही, ते कट्ट्यावर म्हाताऱ्याचंच श्रेय सांगतात.

मंडळी सुखात आहेत. सूनबाईनं बी-टू केली, डिग्रीची मान्यता घेतली, आता एका दवाखान्यात काम करते. पहिला हिवाळा जड गेला, ते तिनं कुणापासून लपवलं नाही. आबाही जाऊन आले. कधी? जूनमध्ये! मी म्हटलं, "आबा, तुमचा ऑगस्टाचा नियम?" तर म्हणाले, "आमाला कुठं राहायचंय तितं?"

असो. वेळ बराच गेला. तरी मधेच एक सांगतो. परगावी गेलं की आपली माणसं पहिल्यांदा महाराष्ट्र मंडळ शोधतात. शोधावं, लंडनचं मंडळ तर 1932 पासून आहे. पण माझं मत विचाराल तर कोल्हापूरकरानं आधी फुटबॉलचं मैदान शोधावं. आपण शाहू स्टेडियमवर वाढलेली माणसं. युरोपात वाडीवस्तीला फुटबॉल क्लब असतो, तिथं शनिवारी उभं राहिलात तर भाषा येण्याआधी ओळखी होतात. मंडळात गेलं की निम्मा वेळ कोल्हापुरी मिसळ कुठं मिळते यावर जातो, आणि मिळते ती नुसती लाल असते.

आणि वसणं म्हणजे काय ते बघायला इतक्या लांब जायलाच नको. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला बघा. दुसऱ्या महायुद्धात रशियातून इराणमार्गे आलेली पोलंडची जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 तिथं राहिली. त्यांना कुणी शहर निवडायला दिलं नव्हतं. तरी त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभं केलं. त्यांची मुलं म्हातारी झाल्यावर कोल्हापूर बघायला परत आली.

आता भराभर कामाच्या गोष्टी. जर्मनीत घराच्या जाहिरातीतलं भाडं बहुधा हीटिंग आणि पाणी सोडून असतं, तेव्हा सगळं धरून किती ते विचारा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा नसतो, सिंकसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. हे ऐकून काकूंनी परत पदर लावला होता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्या नोंदणीवाचून पुढची कामं अडतात. परत सांगतो, दोन आठवडे, आणि घरमालकाचा कागद.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी नुसतं सिडनी-मेलबर्न घोकू नये. नोव्हेंबर 2019 पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी सगळा देश व्हिसाच्या हिशेबात प्रादेशिक धरतात. अॅडलेड, पर्थसुद्धा. अशा भागासाठीच्या 491 नंबरच्या व्हिसावर तीन वर्षं राहून, अटी पुऱ्या करून कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. दुबईत पगारावर आयकर नाही हे सगळे सांगतात. भाडं वर्षाचं, पुढच्या तारखांचे चेक देऊन भरावं लागतं, मुलांची शाळा खाजगी आणि महाग, आणि राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला, हे कुणी सांगत नाही. कॅनडात विनिपेगचा हिवाळा उणे तीसपर्यंत उतरतो. तिथं घरी राहणाऱ्याचं काय होईल, ते जानेवारीतल्या माणसाला विचारा, जुलैतल्याला नको.

घड्याळाचाही विचार करा. टोरांटो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागं. म्हणजे आईला फोन करायची तुमची सवड आणि आईची झोप एकाच वेळी. दुबई दीड तास मागं, जर्मनी साडेतीन ते साडेचार. आईवडील थकलेले असतील तर एकट्या राहिलेल्या पोराला हा फरक पगारातल्या फरकापेक्षा जास्त टोचतो.

आणि आईवडिलांना चार दिवस बोलावणार असाल तर दोन गोष्टी. युरोपच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. दुसरं, घर घेताना लिफ्ट आहे का ते बघा. लाइपझिगच्या त्या देखण्या जुन्या इमारतींत चार-चार मजले आणि नुसते लाकडी जिने. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून रात्रीचं विमान, मग आणखी एक गाडी, असा प्रवास करून आबा पोहोचले आणि गुडघ्यावर हात ठेवून खालच्या पायरीवर बसले. पोरानं बॅगा वर नेल्या. आबांनी पुढचा अर्धा तास खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी मराठीत गप्पा मारल्या, आणि तिनं त्यांना कॉफी पाजली.

वेळ संपली. नमस्कार.