लाल चावी, काळी चावी: जुनी अमेरिकन मसल कार खरंच भारी होती का?

नमस्कार मंडळी. आज मसल कारबद्दल, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांबद्दल बोलू, आणि सुरुवात चावीपासून करू. अमेरिकेतल्या डॉज कंपनीने २०१५ च्या मॉडेलला चॅलेंजर हेलकॅट ही मसल कार काढली ना, तेव्हा गाडीबरोबर दोन चाव्या दिल्या, एक लाल आणि एक काळी. लाल चावी घेऊन बसलात तर पूर्ण ७०७ हॉर्सपॉवर तुमच्या. काळी घेऊन बसलात तर गाडी ५०० वर थांबवते, पाय कितीही दाबा. म्हणजे बापाने पोराला गाडी द्यायची पण काळी चावी हातात टेकवायची, आणि पोरगं त्या ५०० मध्ये पण बोंबलत फिरणार, कारण ५०० म्हणजे काही कमी नाहीयेत हो.

आता १९७० ची शेव्हरले शेव्हेल एसएस घ्या, ४५४ क्युबिक इंचाच्या एलएस६ इंजिनवाली. कागदावर ४५० हॉर्सपॉवर. चावी एकाच प्रकारची, काळी-लाल भानगड नाही. गाडीला तुमच्यावर कसलाही संशय नव्हता, तुम्ही जे मागाल ते ती देणार, आणि मग झाडात घुसलात तर तो तुमचा प्रश्न.

आजचा सगळा व्हिडिओ ह्या दोन चाव्यांमधल्या फरकावर आहे. लोक काय करतात, जुनी गाडी आणि नवी गाडी शेजारी ठेवतात, हॉर्सपॉवर वाचतात आणि निकाल देतात. ते आकडे तसे शेजारी ठेवताच येत नाहीत. का, ते सांगतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे जरा वेळ लागेल.

१९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जे आकडे छापायच्या ते होते ग्रॉस हॉर्सपॉवर. इंजिन गाडीतून काढून स्टँडवर ठेवायचं, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही, टायमिंग एकदम मनासारखं लावलेलं, आणि मग मोजायचं. म्हणजे पहिलवानाला आंघोळ घालून, खाऊपिऊ घालून, अंगावरचे कपडे पण काढून वजन उचलायला लावायचं आणि म्हणायचं हा रोज एवढं उचलतो. १९७२ पासून नेट आकडे आले, म्हणजे इंजिन गाडीत जसं बसणार तसं, सगळं सामान लावून. आता शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारच्या, म्हणजे कॉर्व्हेटच्या, एलटी-१ इंजिनचं बघा. १९७० ला ३७०. १९७१ ला ३३०, कारण शिसं नसलेलं पेट्रोल येणार म्हणून शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन कमी केलं, ही खरी घट. आणि १९७२ ला २५५! इंजिन जवळपास तेच, बदलली ती मोजायची पद्धत. ७५ पैकी बरेचसे घोडे फक्त कागदावर मेले.

आणि गंमत म्हणजे काही आकडे उलट्या बाजूने पण खोटे होते. शेव्हरलेच्याच कॅमॅरो झी/२८ चं ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन कंपनी २९० हॉर्सपॉवरचं सांगायची, आणि ते त्यापेक्षा जास्त द्यायचं हे तेव्हा रस्त्यावरच्या पोरांना पण माहीत होतं. मुद्दाम कमी सांगायचे, कारण इन्शुरन्सवाले आकडा बघून विशीतल्या पोरांना हप्ता लावत होते आणि रेसिंगमध्ये पण क्लास आकड्यावरून ठरायचा. त्यामुळे कुणी "आजोबांच्या काळात ४५० होती" म्हटलं की माझा पहिला प्रश्न, कुठल्या तराजूत?

बरं, ही भानगड सुरू कुठून झाली. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ, पॉन्टिॲक पण जनरल मोटर्सचीच. जनरल मोटर्सचा घरचा नियम होता की मधल्या साइजच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टिॲकचा चीफ इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्याची माणसं, त्यांनी ३८९ चं इंजिन, म्हणजे आपल्या भाषेत ६.४ लिटर, साध्या टेम्पेस्टमध्ये बसवलं, आणि नियम नवीन मॉडेलसाठी आहे ना, मग ह्याला मॉडेल म्हणायचंच नाही, ऑप्शन पॅकेज म्हणायचं! सरळ पळवाट. २९५ डॉलर ९० सेंट जास्त द्या, मोठं इंजिन घ्या. कंपनीला वाटलं पाचेक हजार खपतील, पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०.

हे २९५ डॉलर लक्षात ठेवा. कारण माझ्या मते मसल कार म्हणजे व्ही-८, आठ सिलिंडरचं इंजिन, नाही, आवाज नाही, बॉनेटवरचे पट्टे तर अजिबातच नाही. मसल कार म्हणजे साध्या घरच्या गाडीत नको तेवढं मोठं इंजिन, आणि ते पण पहिल्या-दुसऱ्या पगारात परवडणारं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, २,३६८ डॉलरला, आणि पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर ऑर्डरी. पेट्रोल तेव्हा गॅलनला तीसेक सेंट. ॲव्हरेज कोण विचारतोय!

आता ती चालायची कशी? सरळ रस्त्यावर, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नल टू सिग्नल, मस्त. वळणावर, देवाचं नाव घ्या. मागे आख्खा ॲक्सल, बऱ्याच गाड्यांना जीपसारखे पाटे, टायर बायस प्लायचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिरप्या धाग्यांचे, आणि आजच्या मानाने सायकलचे वाटतील इतके अरुंद, आणि ब्रेक बऱ्याचदा चारही चाकांना ड्रम. डिस्क ब्रेक हवे तर पैसे जास्त द्या, आणि पोरं ते पैसे इंजिनवर घालायची. दोन-तीनदा जोरात दाबले की ड्रम तापून ब्रेक सुटायचे. पिकअपचं म्हणाल तर त्या काळातल्या बऱ्याच व्ही-८ ना शून्य ते ६० मैल, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर, गाठायला सहा-सात सेकंद लागायचे. टोयोटाची २०२४ पर्यंत मिळणारी व्ही-६ कॅमरी, जी अमेरिकेत काकू भाजी आणायला नेतात, ती साधारण तेवढ्यातच जाते. एसी चालू ठेवून. वाईट वाटतं पण तसंच आहे.

पुढची दहा वर्षं मी भरभर सांगतो कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. १९७० चा क्लीन एअर ॲक्ट, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा कायदा, इन्शुरन्स, १९७३ चा तेलाचा झटका. १९७५ ला कॉर्व्हेट, कॉर्व्हेट हां, तिच्या बेसिक व्ही-८ ला १६५ हॉर्सपॉवर. १९७४ च्या मस्टँगला तर व्ही-८ मिळतच नव्हतं. दुखवट्याचा काळ.

मग फ्युएल इंजेक्शन आलं, कॉम्प्युटर आला, आणि इथे खरा फरक पडला. जुन्या गाडीत तुमचा पाय आणि कार्बोरेटर ह्यांच्यात सरळ जोडणी. आज पॅडल म्हणजे अर्ज आहे. तुम्ही अर्ज करता की मला एवढी ताकद द्या, कॉम्प्युटर प्रत्येक चाकाचा वेग बघतो, मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरतंय का, स्टिअरिंग किती वळलंय, आणि मग अर्ज मंजूर, नामंजूर किंवा अर्धा मंजूर, आणि हे सगळं तुम्हाला कळायच्या आत. म्हणून ७०७ ची गाडी शोरूममधून कुणालाही विकता आली. हेलकॅटचा नुसता सुपरचार्जर फिरवायला पूर्ण जोरात ८० हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे पहिल्या मस्टँगच्या बेसिक इंजिनची, जी १०१ ची होती, जवळपास सगळी ताकद इथे हवा आत ढकलण्यात जाते.

डॉजवाल्यांना तर नंतर थांबायलाच येईना. २०१८ ची डीमन ८४० ची, त्यात बाजूची सीटच नाही, हवी तर एक डॉलर द्या. २०२३ ला डीमन १७०, ई८५ म्हणजे इथेनॉलवर १,०२५. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या प्लांटमधून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली, त्याच सुमारास कॅमॅरो पण बंद. दिवा विझताना मोठा होतो ना, तसं.

इथे थोडं गावाकडचं. डॉज म्हटल्यावर आपल्याला परकं वाटतं, पण फियाट यायच्या आधी आपल्या मुंबईत, कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉजची मालक कंपनी क्रायस्लरच्या लायसन्सवर डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. मसल कार नव्हेत, साध्या सेडान. आणि मस्टँग तर २०१६ ला अधिकृत आली, साधारण ६५ लाखांना, सगळी ड्युटी भरून. तिकडे नोकरीला लागलेल्या पोराची गाडी, आपल्याकडे बिल्डरच्या पोराची.

किमतीवरूनच पुढे जाऊ. १९६४ चे २,३६८ डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण २४ हजार. आज मस्टँग सुरू होते तीस हजारांच्या पुढे, पण त्यात २.३ लिटरचं टर्बो आणि ३१५ हॉर्सपॉवर. म्हणजे घोड्यामागे पैसे मोजले तर आजची स्वस्त आहे! मी हे गणित तीनदा केलं, मला पण पटत नव्हतं. महाग झालं ते व्ही-८. त्यासाठी चाळीस हजारांच्या वर, आणि मॅन्युअल गिअरवाली परवडणारी अमेरिकन व्ही-८ कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, म्हणून ती एकटीच उरलीय.

आणि भविष्य? डॉजची नवी चार्जर डेटोना, इलेक्ट्रिक. तिच्या स्कॅट पॅक नावाच्या मॉडेलमध्ये ६७० हॉर्सपॉवर, ३.३ सेकंदात ६० मैल, वजन २,६०० किलोच्या वर, म्हणजे पहिल्या दोन मस्टँग एकावर एक ठेवा आणि वर चार-पाच माणसं बसवा. पेट्रोलवाल्यांसाठी त्याच चार्जरमध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडर ट्विन टर्बो आहे, ५५० पर्यंत, डॉजच्या जुन्या हेमी व्ही-८ च्या ४८५ पेक्षा जास्त. तरी लोक नाक मुरडतात, कारण फायरिंगचा आवाज तसा नाही. मग इलेक्ट्रिकवाल्या गाडीला डॉजने काय केलं, मागे पाइपांसारख्या नळ्यांमध्ये स्पीकर बसवले, नाव ठेवलं फ्रॅटझॉनिक, आणि दावा केला की हेलकॅटइतका आवाज येतो. मोटार गप्प, स्पीकर ओरडतोय. मी तो आवाज फक्त हेडफोनवर ऐकलाय, प्रत्यक्षात बरा असेलही, पण मला तो लग्नाच्या वरातीतल्या जनरेटरसारखा वाटला.

मला आवडलेला रस्ता कॉर्व्हेटचा आहे. ई-रे मॉडेलमध्ये मागची चाकं ४९५ च्या व्ही-८ वर आणि पुढची १६० हॉर्सपॉवरच्या इलेक्ट्रिक मोटरवर, मिळून ६५५, ६० मैलाला अडीच सेकंद. ह्याच पद्धतीने पुढे कॉर्व्हेटचीच झेडआर१एक्स १,२५० पर्यंत गेलीय. पण ई-रे मधली माझी लाडकी गोष्ट वेगळीच आहे, तिचं नाव स्टेल्थ मोड. पहाटे चारला निघायचंय, शेजारी झोपलेत, तर इंजिन चालूच करायचं नाही. पुढच्या मोटरवर ताशी ७२ किलोमीटरपर्यंत, दोन-तीन गल्ल्या पार होईपर्यंत गुपचूप जायचं.

म्हणजे ज्या गाडीत इंजिन नाही ती बोंबलतेय आणि जिच्यात ६.२ लिटरचं व्ही-८ आहे ती चपला हातात घेऊन घराबाहेर पडतेय.