दाताळ्यावर नऊ वेळा पाय

[काळा पडदा. पितळी वाद्यांचे चार जड, खाली उतरणारे सूर.]

हे सूर बर्नार्ड हर्मनचे, १९६२ च्या 'केप फियर' चित्रपटातले. १९९१ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने तो चित्रपट नव्याने केला, तेव्हाही हेच संगीत ठेवलं. आणि ७ ऑक्टोबर १९९३ रोजी ते 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेत वाजलं. पोरगेल्या बार्टच्या जिवावर उठलेला साइडशो बॉब तुरुंगातून सुटतो, 'केप फियर'चं विडंबन करणाऱ्या त्या भागात.

[बॉबच्या मुठी. चित्र थांबवून.]

बोटं मोजा. अंगठा सोडून तीनच. कार्टूनच्या हाताला एक बोट कमी काढतात. आता हे गोंदण बघा. १९५५ च्या 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये रॉबर्ट मिचमच्या बोटांवर इंग्रजीत 'लव्ह' आणि 'हेट' गोंदलेलं असतं, प्रत्येकी चार अक्षरं. तीन बोटांवर ती मावणार कशी? मग 'लव्ह'चं स्पेलिंग तोडून LUV केलं, आणि 'हेट'चं HAT करून उच्चार कळावा म्हणून A वर आडवी रेघ दिली. चित्रकलेची अडचण होती, तिचाच विनोद झाला. १९६२ च्या 'केप फियर'चा खलनायकही मिचमच, म्हणजे एका मुठीत दोन चित्रपट आहेत.

[चित्रपटगृहाचा प्रसंग. डावीकडे मूळ, म्हणजे १९९१ चा 'केप फियर', उजवीकडे सिम्पसन्स.]

दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्या की विडंबनाची बांधणी कळते. सिगार, धूर, खुर्चीवर रेललेलं शरीर, मोठ्याने हसणं, सगळं मुळाबरहुकूम. मोडायचं एकाच ठिकाणी: इथे बार्टचा बाप होमर बॉबपेक्षा मोठ्याने हसतो आणि वैताग येतो तो खलनायकालाच. चौकट ढिली असती तर हा धक्का बसलाच नसता. नुसतं चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे विडंबन नव्हे.

[लाइट बॉक्स. पेन्सिलची रेघ. कागद उलटतात.]

ही चौकट हाताने बांधली जायची. आधी आवाज ध्वनिमुद्रित, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला आराखडा, मग लॉस एंजेलिसमध्ये लेआउट: पात्र कुठे उभं, कॅमेरा किती वर, नजर कुठे. दोन मुख्य चित्रांमधली चित्रं आणि रंगकाम दक्षिण कोरियात. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रं. लेखनापासून प्रक्षेपणापर्यंत कित्येक महिने जातात, म्हणून कालपरवाच्या बातमीची टर उडवली तर ती शिळी होऊनच पडद्यावर येते. जुना, लोकांच्या डोळ्यांत बसलेला चित्रपट टिकतो.

[वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण.]

संगीताचंही तसंच. मालिकेचे संगीतकार आल्फ क्लॉसन दर भागाला सुमारे ३५ वादकांचा खराखुरा वाद्यवृंद घेऊन बसायचे. हर्मनचे सूर सिंथेसायझरवर वाजले असते, तर भीती नकली वाटली असती. आणि भीती खरी वाटल्याशिवाय पुढचं हसू फुटत नाही. २०१७ मध्ये क्लॉसनना मालिकेतून काढलं. चार सूर मात्र बॉबची ओळख होऊन राहिले.

[गाडी थांबते. निवडुंग.]

गाडीखाली स्वतःला बांधून घेणं, हेही १९९१ च्या चित्रपटातलंच. फक्त इथे वाटेत गतिरोधक आणि निवडुंग येतात. पण पुढचं मुळात नाही. भाग वेळेला कमी पडत होता. सुरुवातीला कुटुंब सोफ्यावर येऊन बसतं, तो प्रसंग लांबलचक घातला, तरी पुरेना. मग बॉबने दाताळ्यावर, म्हणजे पाला ओढायच्या दातेरी अवजारावर, पाय ठेवून दांडा तोंडावर आपटून घ्यायचा प्रसंग वाढवत नेला, नऊ वेळांपर्यंत. दोनतीनदा हसू येतं. मग वाटतं, पुरे आता. ते थांबत नाहीत, आणि सहाव्यासातव्या वेळेला त्या न थांबण्याचंच हसू येतं. चौथ्याला कापलं असतं तर फक्त कंटाळा उरला असता.

[निवेदन नाही. नऊही दाताळी, मूळ आवाजासह, न कापता.]