घास गिळायची घाई नको

श्रोतेहो, नमस्कार. पोटाला दात नसतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आज त्याच वाक्यावर बोलणार आहे. पण आधी एक गोष्ट सांगते, मला फार आवडते ती.

होरेस फ्लेचर नावाचे एक अमेरिकी व्यापारी होते, जन्म 1849 चा. पैसा भरपूर, खाण्याची हौसही भरपूर. चाळिशीच्या आसपास आयुर्विमा काढायला गेले, तर नकार मिळाला. कारण वजन फार आणि तब्येत ढासळलेली. फ्लेचर हादरले. मग त्यांनी स्वतःच्या जेवणाकडे नीट पाहिलं आणि एक नेम धरला. घास इतका चावायचा की तो पातळ होऊन आपोआप घशाखाली उतरला पाहिजे. दूधसुद्धा गटागट प्यायचं नाही, घोट तोंडात घोळवायचा. भूक नसेल तर जेवायचं नाही. राग आलेला असेल तरीही जेवायचं नाही! वजन उतरलं, अंगात तरतरी आली. 1903 साली येल विद्यापीठाच्या व्यायामशाळेत त्यांची परीक्षा झाली. नौकानयनाच्या संघातली तरुण मुलं करतात ते कठीण व्यायाम पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी करून दाखवले. पुढे त्यांच्या नावावरून या पद्धतीला ‘फ्लेचरिझम’च म्हणू लागले.

त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. जे पातळ होत नाही ते थुंकून टाका, असं ते सांगत. तो चोथा आतड्यांना हवाच असतो. तो टाकू नका.

पण मूळ मुद्दा पक्का आहे. घास बारीक झाला की लाळ त्यात मुरते, आणि पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच सुरू होतं. शिवाय पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात. भराभर जेवणारा तोवर जास्तीचं खाऊन बसतो. मुलांच्या मागे ‘आटप लवकर’चा धोशा लावणं मला म्हणूनच पटत नाही. शाळांची मधली सुट्टीही चांगली मोठी हवी.

तर पुन्हा सांगते, पोटाला दात नसतात. किती वेळा चावायचं ते मोजत बसू नका, घास मऊ लगदा झाला की गिळा. आजच्या जेवणात भाताचा किंवा पोळीचा एक घास नुसता घ्या, सोबत काही नको. सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. ती लाळेची करामत. नमस्कार.