एक शतांश सेकंद

वळण नाही, दुसरी फेरी नाही. पन्नास मीटर म्हणजे एक उडी आणि थेट तलावाचं दुसरं टोक. चुकलं तर सावरायला वेळच नाही. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे, त्याचं नाव झालं ते याच अंतरावर.

पाण्याखालचं हे दृश्य सावकाश बघा. आधी बोटं, मग डोकं, कंबर, पाय, सगळं पाण्यात एकाच जागेतून शिरतं. दंड कानांना चिकटलेले. दोन्ही पाय जोडून मारलेली, कमरेपासून उठणारी डॉल्फिन किक. पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे, असा नियम आहे. उडीनं दिलेला वेग एवढ्यात जितका वाचवता येईल तितका वाचवायचा, कारण वर आल्यावर पाणी तो खातंच. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मान वळली की लय मोडते. आणि शेवटचा हात? तो आखूड पडला तर नुसतं घसरत जावं लागतं. शेवटच्या भिंतीवरचा टचपॅड दाबला जाईपर्यंत घड्याळ थांबत नाही.

हे अंगात मुरायला वर्षं जातात. त्यासाठी शाळकरी वयातच वीरधवल बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे गेला. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याला सतरावं पूर्ण व्हायचं होतं.

२०१०, ग्वांगझू. पन्नास मीटर बटरफ्लाय, २४.३१ सेकंद, कांस्य. १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी रौप्य मिळवलं होतं. त्यानंतर एशियाडच्या तलावातून भारताला पदक मिळालं ते थेट चोवीस वर्षांनी! पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार.

मग राज्य सरकारच्या सेवेत तहसीलदार. खेळाडूला नोकरीची शाश्वती हवीच, त्यात दुमत नाही. पण सातबारा आणि पंचनाम्यांच्या दिवसात दोन वेळचा सराव कुठे बसवायचा? ऐन उमेदीची काही वर्षं पाण्याबाहेर गेली. स्प्रिंटरची ती वर्षं परत मिळत नाहीत.

तरीही तो परतला. २०१८, जकार्ता एशियाड. पन्नास मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत २२.४३, नवा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची वेळ २२.४६. त्या वेगात एका शतांश सेकंदाला अंतर पडतं दोन सेंटिमीटरच्या आसपास. पडद्यावर हे दोन हात बघा, कोणता आधी टेकला ते डोळ्यांना कळतच नाही.

पुढे कोविडमध्ये तलाव बंद झाले, टोकियो ऑलिंपिक हुकलं.

२०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकून त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत महिलांच्या पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णही खाडेंच्याच घरी आलं. ते जिंकलं त्याची पत्नी ऋजुता हिनं.