आत्याला काय झालं होतं?

टेबलावरचा हा कागद जरा नीट बघा, घरात कोणाला कॅन्सर झाला याचा हा नकाशा. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गोल काळा भरला की तिला कॅन्सर, आणि वरून तिरकी रेघ मारली की ते माणूस गेलेलं. जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या मॅडम पेन्सिलने एकेक गोल काढतायत, समोरच्या ताई आठवून आठवून सांगतायत. ताईंना ब्रेस्ट कॅन्सर झाला ३८ व्या वर्षी. आई, मावश्या, आजी सगळ्या ठणठणीत, म्हणून "घरात कोणाला नाही" असंच त्या प्रत्येक डॉक्टरला सांगत आल्या.

मग मॅडम विचारतात, वडिलांना बहिणी किती?

दोन आत्या. धाकटीला छातीत गाठ होती, तिने शेवटपर्यंत कोणाला दाखवलीच नाही. थोरली चाळिशीत गेली, "पोटात पाणी झालं" एवढंच घरात बोललं जायचं. मॅडम तिच्या गोलाशेजारी प्रश्नचिन्ह काढतात, कारण ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या, कॅन्सरमध्येही पोटात पाणी होतं. या सगळ्यांच्या मधे वडिलांचा चौकोन, कोरा, आणि वारसा आलाय तो बहुतेक त्यांच्यामार्फतच.

आपल्याकडे हे सर्रास होतं. आत्या लग्न होऊन गेली की तिची आजारपणंही सासरची होऊन जातात, कोणी विचारत नाही. पण जीनला, म्हणजे जनुकाला, माहेर-सासर नसतं. खराब जीन वडिलांमध्ये असला तर तो मुलांत यायची शक्यता, आईमध्ये असला तर असते तेवढीच, ५० टक्के.

ब्रेस्ट कॅन्सर असा घराण्यातून येऊ शकतो हे मेरी-क्लेअर किंग यांनी अमेरिकेत कित्येक वर्षं लावून धरलं होतं, तेव्हा फारसं कोणी मानत नव्हतं. त्यांनी २३ कुटुंबं तपासली आणि १९९० मध्ये दाखवून दिलं की यामागचा एक जीन १७ व्या क्रोमोझोमवर (गुणसूत्रावर) आहे. तोच बीआरसीए १. तो नेमका हाती लागला १९९४ ला, आणि १३ व्या क्रोमोझोमवरचा बीआरसीए २ त्याच्या पुढच्या वर्षी.

आता लॅब. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ताईंचं थोडंसं रक्त. पांढऱ्या पेशी फोडून डीएनए वेगळा करतात, हा बघा, कापसाच्या तंतूसारखा वर येतोय. पुढे मशीन त्यातलं एकेक अक्षर वाचतं. हे दोन्ही जीन मुळात आपल्या कामाचेच, तुटलेला डीएनए सांधायचं काम करतात. जीनच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासून खराब असली आणि एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की तिथे दुरुस्ती नीट होत नाही, चुका साठत जातात. सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच, पण ज्या बाईत यातल्या एखाद्या जीनमध्ये असा जन्मजात बदल असतो तिला ८० वर्षांपर्यंतचा ब्रेस्ट कॅन्सरचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो.

ताईंचा रिपोर्ट आला, बीआरसीए २ मध्ये बदल. आता दुसऱ्या स्तनाची काळजी, एमआरआय, ओव्हरी काढायची का, खर्च, हे सगळं त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचंय.

आणि हा दारात उभा आहे तो त्यांचा भाऊ. "मला कशाला टेस्ट, हा बायकांचा आजार." मॅडम त्याला कागदाजवळ बसवतात. हा बदल पुरुषाला असला तर प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो, क्वचित छातीचाही होतो, शिवाय त्याला दोन मुली आहेत. त्याच्यात फक्त ताईंच्यात सापडला तेवढाच बदल शोधायचा, त्यामुळे टेस्ट स्वस्त पडते. तो हात पुढे करतो. मुली अजून शाळेत आहेत, त्यांची टेस्ट आत्ता करत नाहीत, १८ पूर्ण झाल्यावर करायची की नाही ते त्या स्वतः ठरवतील.