शेत तेच, कर नवा

नमस्कार श्रोतेहो. शेजारचं शेत विकलं गेल्याची बातमी कानावर यायच्या आत बांधापलीकडे मोजणीच्या खुंट्या दिसायला लागतात. मग खडी येते, रोलर फिरतो आणि दोनेक वर्षांत तिथे घरांची रांग उभी राहते. आपल्या शेतात काहीच बदललेलं नसतं. बदलतो तो कराचा कागद.

अमेरिकेत मालमत्ता कर जमिनीच्या किमतीवर बसतो. ती किंमत ठरवताना इथे काय पिकतं हे कोण बघतो? इथे काय बांधता येईल, ते बघतात. शेजाऱ्याला बिल्डरने दिलेला भाव तुमच्याही जमिनीला चिकटतो. तो पैसा तुम्हाला दिसणार जमीन विकलीत तरच. कर मात्र दरवर्षी रोख, पिकाच्या पैशातून. मग छोटा शेतकरी कर भागवायला एक कोपरा विकतो. त्या कोपऱ्यावर घरं होतात, भाव आणखी चढतो आणि उरलेल्या शेताचा कर पुन्हा वाढतो. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच.

यावर तिथे पहिला इलाज मेरीलँड राज्याने १९५६ साली केला: शेती चालू आहे तोवर आकारणी शेतीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने. पुढे बाकीची राज्यंही त्याच वाटेने गेली. न्यू जर्सीने १९६४ मध्ये कायदा केला, पण त्यात अट घातली किमान पाच एकरांची. म्हणजे साडेचार एकरांत भाजी पिकवून घर चालवणारा बाहेर, आणि भाव चढायची वाट बघत जमिनीवर चार गुरं सोडणारा गुंतवणूकदार आत! जमीन शेतीतून काढली की मागच्या काही वर्षांची सवलत वसूल करतात, हे खरं. पण विकून आलेल्या रकमेपुढे ती वसुली म्हणजे किरकोळ खर्च.

सवलतीने विक्री लांबते, थांबत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सफक काउंटीने १९७०च्या दशकात वेगळी वाट धरली. शेतकऱ्याकडून जमीन न घेता तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा विकत घेतला. पैसे शेतकऱ्याला मिळाले, जमीनही त्याच्याच नावावर राहिली, पण पुढे मालक कुणीही आला तरी तिथे इमारत उठणार नाही. महागडी योजना आहे, सरकारी तिजोरीला झेपेल तेवढीच चालते. तरी मला तीच जास्त पटते.

आता कामाचं. आकारणीची नोटीस आली की रकमेकडे बघून कपाळाला हात लावण्याआधी वर्गवारीची ओळ वाचा. शेती लिहिलंय की मोकळा प्लॉट? चुकीचं असेल तर हरकत घ्यायची मुदत त्याच कागदावर, बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. पाकीट फोडाल त्याच दिवशी ती तारीख कॅलेंडरवर लिहून टाका. नमस्कार.