आयडी बॅन झाला, तर कारण मागा

(बेळगावजवळच्या येळ्ळूर येथे तरुण आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मागच्या पोरांनो, पुढे या, जागा आहे. आई-वडील मंडळीही आली आहेत याचा मला विशेष आनंद आहे. आजचा विषय तुमच्याही घरातला आहे.

आधी एक घोळ मिटवू. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजी मोबाइलसह ११८ ॲप बंद केली. ती बंदी सगळ्या देशाला होती. मी बोलणार आहे ते एकट्या खेळाडूच्या आयडीवर, म्हणजे गेममधल्या खात्यावर, आलेल्या बंदीबद्दल. सकाळी गेम उघडावा आणि समोर एकच ओळ यावी की नियमभंगामुळे तुमचं खातं बंद केलं आहे. कुठला नियम, कधी मोडला, कशावरून ठरवलं, याचा पत्ता नाही.

पालक म्हणतात, बरं झालं, सुटला एकदाचा. मला हे पटत नाही. पोरगा किती वेळ खेळतो हा प्रश्न वेगळा, तो घरात सोडवा. इथं त्याच्यावर लबाडीचा शिक्का बसलेला असतो. खानापूर तालुक्यातला अकरावीचा एक मुलगा माझ्याकडे आला. रँक गेली, विकत घेतलेल्या स्किन (गेममधले पेहराव) गेल्या, त्याबद्दल तो बोललाच नाही. ‘सगळे मला हॅकर म्हणायलेत ओ सर,’ एवढंच म्हणाला. जे केलं नाही त्याचा डाग पुसून घ्यावासा वाटणं हा चांगल्या माणसाचा गुण आहे. त्या वेळी घरच्यांनी त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं.

ही बंदी घालणारं यंत्र चुकतं का? चुकतं, आणि मोठमोठ्या कंपन्यांचं चुकतं. फसवणूक पकडणारी प्रणाली गेमच्या फायली आणि मेमरीत चाललेला प्रोग्रॅम ताडून बघते. कुणी बाहेरून ढवळाढवळ केली असेल तर तिथं फरक दिसतो. २०१० च्या जुलैमध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेम विकणाऱ्या मंचावर ‘मॉडर्न वॉरफेअर २’ खेळणाऱ्या सुमारे १२ हजार जणांवर अशीच बंदी आली. झालं होतं असं, की स्टीमच डिस्कवरची फाइल अपडेट करत होतं आणि मेमरीत जुनीच प्रत राहिली होती. दोन्ही जुळेनात, म्हणून यंत्रानं खेळाडूंना चोर ठरवलं. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी चूक कबूल केली, माफी मागितली, बंदी उठवली आणि त्या खेळाडूंना दुसरा एक गेम फुकट दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये पुन्हा तसंच झालं. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरमधली (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) अँटी-लॅग प्लस ही सोय गेमच्या फायलींत हात घालत होती. ती नुसती चालू ठेवणाऱ्यांवरही बंदी येऊ लागली. शेवटी एएमडीनं ती सोय मागं घेतली.

म्हणून बंदीविरुद्ध कंपनीकडे कराल त्या अर्जात तुमच्या फोनची माहिती द्या. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, त्या दिवशी काय अपडेट झालं, सोबत कुठली ॲप चालू होती. फोन जुना घेतला असेल तर खरेदीची पावती जोडा, कारण काही कंपन्या आयडीबरोबर फोनवरही बंदी घालतात आणि आधीच्या मालकाचं पाप नव्याच्या माथी येतं. भावानं किंवा मित्रानं तुमचा आयडी वापरला असेल तर तेही लिहा. ग्राफिक्स वाढवायला जीएफएक्स टूल वापरलं असेल तर लपवू नका. बऱ्याच गेमच्या नियमांत ते बाहेरचं सॉफ्टवेअरच धरतात, आणि मग बंदी अन्यायाची आहे असं मीसुद्धा म्हणणार नाही.

अर्ज कसा लिहायचा हे या भागाला शिकवायला नको. १९५६ पासून सीमाभागानं किती निवेदनं दिली! आपली जुनी माणसं कागदावर पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरत नसत. इथंही तसंच करा. तक्रार गेममधल्या सपोर्टमधून पाठवा, तिकीट क्रमांक जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. शिव्या नकोत, रडगाणं नको, रोज नवी तक्रारही नको. पाच-सहा ओळी पुरेत: आयडी, बंदीची तारीख आणि वेळ, शेवटचे सामने, आणि दोन मागण्या. कुठल्या नियमाखाली आणि कशाच्या आधारे बंदी घातली ते कळवा, आणि माणसाकडून फेरतपासणी करा.

‘निर्णय अंतिम आहे’ असं साचेबंद उत्तर आलं की बहुतेक जण तिथंच थांबतात. थांबू नका. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे मध्यस्थ कंपनीला, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्या मंचावरून पुढे नेणाऱ्या कंपनीला, तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. गेम कंपनी ‘आम्ही मध्यस्थच नाही’ असा पवित्रा घेऊ शकते. तरीही अर्ज करा, कारण तो पवित्रा तिला लेखी घ्यावा लागेल.

पैसे भरले असतील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट त्या कायद्यात अनुचित कराराच्या व्याख्येत येते, पण त्या मुद्द्यावर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र आपण राहतो तिथल्या, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात दाखल होते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. परदेशात लवादाकडे जा अशी अट असली तरी घाबरू नका. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. मूल १८ वर्षांखालचं असेल तर तक्रार पालकांच्या नावानं करा. आणि फुकट खेळणाऱ्याला हा मार्ग नाही, म्हणून यूसी (गेममधलं विकतचं चलन) किंवा स्किन घेतल्याच्या पावत्या जपा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. टेलिग्रामवर ‘दोन हजारांत बॅन काढून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना पैसे देऊ नका, पासवर्ड देऊ नका, ओटीपी तर मुळीच नको. बंदी उठवायचा अधिकार फक्त कंपनीकडे आहे. आणि अर्ज चालू असताना नवा आयडी काढून खेळू नका. बंदी चुकवली असं धरलं, तर हातातली बाजू जाते.

ज्यांचं प्रकरण अडकलं आहे त्यांनी रविवारी सकाळी इथंच यावं. तिकीट क्रमांक, पावत्या आणि स्क्रीनशॉट घेऊन या. अर्ज मराठीत लिहून आणा, इंग्रजी आपण बसून करू. आता प्रश्न विचारा.